राख, रिठा ते ॲसिडची बाटली : आपल्या घरच्या सफाईचा इतिहास

आज राजकारण नाही, रस्त्यातले खड्डे नाहीत. आज घरातलीच गोष्ट सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण दिवाळीच्या साफसफाईला हात घालण्याआधी वाचाच.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. बायको संडास धुवायला गेली. आधी ॲसिड टाकलं. डाग निघेना म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकली. दोन मिनिटांत ती खोकत, डोळे चोळत बाहेर आली. तिला मोकळ्या हवेत बसवलं, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथं जर्मन सैन्यानं सोडला होता तो हाच वायू. बायको बरी झाली. पण ते हत्यार आम्ही संडासाच्या कोनाड्यात ठेवून होतो, हे काही डोक्यातून जाईना.

त्याच दिवशी मी जाहीर केलं, घरातल्या सगळ्या बाटल्या बंद. आता राख, रिठा, चिंच. माय बाजेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "राख घासू घासू माझी बोटं सोलली. तुला आता राखेचं कौतुक सुचायलंय?"

तिथंच मी थांबलो. म्हटलं, आधी इतिहास नीट बघू.

आमच्या मायच्या सुनपणात लोह्यातल्या बहुतेक घरांत चूल होती, म्हणून राख फुकट होती. लाकडाच्या राखेत खार असतो, तो तेलकटपणा तोडतो. पितळी घागरी, तांबे चिंचेनं लखलखायचे, कारण चिंचेत आम्ल असतं. रेशमी लुगडं आणि सोनाराचे दागिने रिठ्याच्या फेसात धुवायचे. जमीन शेणानं सारवायची, भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची. म्हणजे रसायनं तेव्हाही होतीच, फक्त बाटलीत नव्हती.

पण हे सगळं करायचं कोण? घरात बाया. गावात परीट. बारा बलुतेदारांपैकी एक. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे आणि नदीच्या दगडावर आपटायचे. बदल्यात सुगीला मिळेल ते बलुतं. जुन्या स्वच्छतेचं गुणगान करताना हे हात आपण विसरतो.

आता बाटलीकडे येऊ. स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर या शल्यविशारदानं १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिडनं जखमा जंतुमुक्त ठेवता येतात हे मांडलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढं पुण्यातही पसरला. सरकारी पथकं घरात घुसून कार्बोलिकनं जमिनी धुवू लागली, भिंतींना चुना मारू लागली. त्या जुलमाचा संताप इतका की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. आपला लोहा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण "दवाखान्याचा वास आला की जागा स्वच्छ" ही समजूत पुढं सगळीकडंच रुजली. आज फिनेलचा वास आल्याशिवाय फरशी पुसल्यासारखी वाटत नाही, त्याचं मूळ मला या काळात दिसतं.

साबणाची वाट वेगळी. १८८८ च्या सुमारास इंग्लंडचा सनलाईट साबण कलकत्त्याला उतरला. चरबी नको म्हणणाऱ्यांसाठी १९१८ च्या आसपास गोदरेजनं मुंबईत वनस्पती तेलाचा साबण काढला, तो स्वदेशीच्या वाऱ्यावर चालला. पण आपल्या मराठवाड्यात साबणाची एक अडचण होती, पाणी. आपल्या विहिरी आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसता पांढरा साका बसतो. धुण्याच्या पावडरला ही अडचण फारशी येत नाही. १९५९ मध्ये सर्फ आलं, पण ते पैसेवाल्यांचं. १९६९ मध्ये गुजरातच्या करसनभाई पटेलांनी सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली आणि हळूहळू स्वस्त पावडर गरिबाच्या घरापर्यंत पोचली. माय म्हणते, "निरमा आला आन् माझा निम्मा दिवस वाचला." हे मी कसं नाकारू?

ॲसिड मात्र गुपचूप आलं. घरोघर संडास आणि टाईल्स आल्या, जड पाण्याचे डाग आले, आणि डागांमागं ॲसिडच्या बाटल्या. हल्ल्यात भाजलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१३ ला आदेश दिला. विक्रीची नोंद ठेवा, ओळखपत्र बघा, १८ वर्षांखालच्याला देऊ नका. तुमच्या घरातली बाटली आणताना कुणी ओळखपत्र मागितलं होतं का, आठवून बघा.

मग आम्ही काय केलं? ॲसिड पूर्ण बंद. संडासाला ब्रश आणि लिंबूसत्व. रात्री टाकायचं, सकाळी घासायचं. नळावरच्या पांढऱ्या थरालाही तेच. पितळेला चिंच. रेशमी कपड्यांना रिठा. ओट्याचा तेलकटपणा खाण्याच्या सोड्यानं. रोजच्या धुण्याला पावडर ठेवली, पण माप निम्मं केलं. कपडे तसेच निघतात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर आग होते, आणि माशांना ते विषारी आहे. शहाबादी फरशी चुनखडीची असते, तिच्यावर लिंबूसुद्धा टाकू नका, चकाकी जाते. सोडा आणि लिंबू एकत्र केलं की नुसतं फसफसतं, दोघांचाही जोर जातो. आणि पिण्याच्या पाण्यात शुद्धीकरणासाठी टाकतात त्या क्लोरीनला विरोध करू नका. त्यानं कॉलरा, गॅस्ट्रो अडवलाय.

सगळ्यात मोठा बदल मात्र वस्तूंचा नाही. ॲसिड पाच मिनिटांत करायचं ते काम ब्रशला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास बायकोच्याच माथी मारला असता, तर मायचं बोलणं खरं ठरलं असतं. म्हणून रविवारी संडास मी घासतो. पितळ पोराकडं. पहिल्या रविवारी माझे गुडघे धरले. माय बघून हसत होती.

तेव्हा मित्रांनो, दिवाळीआधी एवढं करा. घरातल्या बाटल्या एकदा बाहेर काढून बघा. ॲसिड आणि ब्लिचिंग एका ठिकाणी ठेवू नका, एकत्र कधीच टाकू नका. वास चढलाच तर आधी मोकळ्या हवेत या, मग दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरी पूर्वी कशानं घासायचे, ते आजीला विचारून खाली लिहा. कोण घासायचं, तेही लिहा.