कच्च्या फोटोंची पक्की गोष्ट



ताडोब्याला जाऊन आला की पुतण्याचा फोन ठरलेला. "काका, रॉ फोटो कशावर करू? लाईटरूम घेऊ की फुकटचं डार्कटेबल?" माझा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, तेव्हा उत्तरही इतिहासातूनच देतो. :)

आधी रॉ कशाला, ते पाहू. मे महिन्यात मोहर्लीच्या बाजूला बांबूखाली वाघ बसलेला असतो. अर्धं अंग रणरणत्या उन्हात, अर्धं काळोखात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. त्यामुळे सावलीतले पट्टे नंतर वर काढता येतात. पण रॉ म्हणजे फोटो नव्हे. ती निगेटिव्हसारखी, धुवावीच लागते.

सुरुवातीला ज्या कंपनीचा कॅमेरा, तिचंच सॉफ्टवेअर असा मामला होता. १९९७ मध्ये डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्राम लिहून सर्वांसाठी खुला ठेवला. एकेका कंपनीच्या फाईलचं कोडं तो सोडवत गेला. २००३ मध्ये ॲडोबीने फोटोशॉपला कॅमेरा रॉ जोडलं. २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्समध्ये व्हाइट बॅलन्सची नोंद कुलूपबंद निघाली. बराच गदारोळ झाला, आणि कॉफिनने तेही कुलूप उघडलं.

त्याच वर्षाअखेर ॲपलचं ॲपर्चर आलं, फेब्रुवारी २००७ मध्ये लाईटरूम. दोघांनी एक पद्धत रुळवली. मूळ फाईलला हात लावायचा नाही, काय करायचं त्या सूचना फक्त वेगळ्या लिहून ठेवायच्या. मास्तरांच्या भाषेत, वहीत खाडाखोड न करता समासात शेरा!

पण शेरा कोणत्या लिपीत? गोम इथेच आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरची लिपी वेगळी. घरात मोडीतलं दप्तर आहे आणि वाचणारा कोणी नाही, तशी गत. जून २०१४ मध्ये ॲपलने ॲपर्चर थांबवत असल्याचं सांगितलं आणि २०१९ च्या कॅटालिनावर ते चालेनासं झालं. रॉ फाईली शाबूत राहिल्या, पण वर्षानुवर्षांचे शेरे दुसऱ्या सॉफ्टवेअरला जसेच्या तसे वाचता येईनात. लाईटरूम ६ ही एकरकमी मिळालेली शेवटची आवृत्ती. २०१७ पासून नवं लाईटरूम फक्त वर्गणीवर. वर्गणी थांबली तरी फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण ते धुवायचं दालन बंद होतं.

दुसरीकडे २००९ मध्ये डार्कटेबल आलं, २०१० मध्ये रॉथेरपी खुलं झालं. दोन्ही फुकट, पण शिकायला चिवट. संध्याकाळच्या अंधुक फोटोतले दाणे काढायला २०२३ पासूनचं लाईटरूम मला सरस वाटतं. ते नाकारून कसं चालेल?

माझ्यापुरतं सांगतो. मला वाघापेक्षा मार्कंड्याचे फोटो जपायचे आहेत. वैनगंगेकाठच्या त्या शिल्पांना ऊनपाऊस खातोच आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेतल्या काही फोटोंत हीसुद्धा आहे. आता ती नाही. माझ्यामागे ही हार्डडिस्क नातीकडे जाईल. तिने माझ्या फोटोंसाठी दरमहा वर्गणी भरावी, असं मी का धरून चालू? म्हणून मी डार्कटेबल वापरतो. त्याचे शेरे रॉ फाईलच्या शेजारीच छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये राहतात. शिवाय मनासारख्या झालेल्या प्रत्येक फोटोची टिफ प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. उद्या शेरा वाचणारा उरला नाही, तरी चेहरा दिसेल.

पुतण्या मात्र स्पर्धांना फोटो पाठवतो, त्याला वेळ कमी. त्याने खुशाल लाईटरूम घ्यावं. फक्त निवडक फोटोंच्या टिफ प्रती काढून ठेवाव्यात. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर बंदच असतो, तेवढे तीन महिने या कामाला पुरेत.