विधवा प्रथा बंदी म्हणजे काय? काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावागावांत हळदीकुंकू असते. वाण लुटले जाते, उखाणे होतात, बचत गटाच्या बायकाही एकत्र जमतात. पण नवरा गेलेल्या बाईला अनेक ठिकाणी बोलावणे येत नाही. आले तरी कुंकवाचा करंडा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बऱ्याच जणी तर बोलावण्याची वाट न पाहता स्वतःच मागे राहतात. "उगीच कुणाच्या मनात यायला नको," हे कारण त्या स्वतःलाच देतात.

मागे राहण्याची हीच सवय सोडता यावी म्हणून महाराष्ट्रात 2022 पासून गावपातळीवर ठराव होऊ लागले.

विधवा प्रथा म्हणजे नेमके काय?

पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढून घेणे, या विधींना मिळून विधवा प्रथा म्हणतात. हे सगळे बहुतेक वेळा अंत्यविधीच्या किंवा दहाव्याच्या दिवशी, चारचौघांसमोर होते. त्यानंतर हळदीकुंकू, ओटी भरणे, लग्नातली हळद, पूजा अशा कार्यांतून तिला बाजूला ठेवले जाते.

या सगळ्यामागे एकच समजूत आहे: नवऱ्याचे आयुष्य बायकोच्या नशिबाला बांधलेले असते. मग तो अपघाताने गेला, आजाराने गेला किंवा दारूने गेला, तरी "पांढऱ्या पायाची" म्हणून बोल तिलाच लागतो. वर्षानुवर्षे हे ऐकून तिलाही ते खरे वाटू लागते.

ही प्रथा खरेच सगळ्यांची आणि पूर्वापार आहे का?

सगळ्या समाजांत एकच रीत कधीच नव्हती. काही उच्चवर्णीय घरांत विधवेचे केशवपन होई आणि पुनर्विवाहाला बंदी असे. त्याच काळात अनेक शेतकरी व कष्टकरी जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची रीत होती.

बदलाचा इतिहासही पुणे जिल्ह्यातच सापडतो. 1856 मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. ते पुढे पुण्यात आले आणि नंतर रमाबाईंचे काम बारामतीला लागून असलेल्या दौंड तालुक्यात, केडगावला स्थिरावले. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये लग्न केले. गोदूबाई बालविधवा होत्या.

त्या काळी केशवपन हा धर्म मानला जाई. आज ते जवळजवळ कुठेच होत नाही आणि कुणाचे त्यावाचून अडलेले नाही.

2022 मध्ये काय घडले?

इंदापूरला लागून, उजनीच्या पाण्यापलीकडे सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका आहे. तिथले सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी ही मोहीम उचलून धरली. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे त्यांनी स्वतः लिहून दिले.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. ते राजर्षी शाहू महाराजांचे स्मृतिशताब्दी वर्ष होते. त्याआधीच्या दोन वर्षांत कोरोनाने अनेक तरुण बायकांचे नवरे गेले होते, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी पोहोचला होता. 17 मे 2022 रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घेण्यास सांगितले.

ठराव झाला म्हणजे कायदा झाला का?

नाही. परिपत्रक आणि ठराव हे आवाहन आहे, त्यात शिक्षेची तरतूद नाही. पण दहाव्याच्या दिवशी बांगड्या फोडायला पुढे आलेल्या नातेवाइकाला "गावाने ठराव केलाय" असे सांगता येते. एकट्या बाईला जे बोलता येत नाही, ते गावाच्या नावाने बोलता येते.

बायका काय सोडतात?

- अपराधी भावना: नवऱ्याच्या मरणाला आपण कारण आहोत, ही समजूत.
- स्वतःहून मागे राहणे: मुलीच्या लग्नात हळद न लावणे, औक्षणाच्या वेळी आत जाऊन बसणे.
- इतर बाईला अडवणे: ही सवय सवाष्ण बायकांनी सोडायची आहे. हळदीकुंकवाचे बोलावणे करताना दार न वगळणे इतकेच त्यासाठी लागते.

कुंकू लावायचे की नाही, मंगळसूत्र घालायचे की नाही, हे मात्र तिचे तिने ठरवायचे. कुणाला ते नको वाटले, तर लावण्याची सक्तीही चुकीचीच.

काय सोडायचे नाही?

बारामती-इंदापूर हा उसाचा पट्टा. इथे सातबारा, उसाची नोंद आणि कारखान्याचे सभासदत्व बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असते. दुःखाच्या त्या दिवसांत "इथे सही कर" म्हणून पुढे येणारा कागद हक्कसोडपत्र असू शकतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे फार अवघड जाते. म्हणून वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

- हिंदू वारसा कायदा 1956 नुसार, मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेत पत्नी, मुले, मुली आणि पतीची आई यांना प्रत्येकी समान वाटा मिळतो.
- पुढे पुनर्विवाह केला तरी मिळालेला वाटा जात नाही.
- वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला लागतो.
- बँक खाते, शेअर्स आणि सभासदत्वाला नॉमिनी कोण आहे ते पाहावे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांचा हक्क राहतो.
- उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या विधवांना संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

गावात ठराव कसा करायचा?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. तिथे हा विषय मांडून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगावे. ठरावात दोन वाक्ये असली तरी पुरतात: हे विधी कुणावर लादले जाणार नाहीत, आणि गावातल्या हळदीकुंकवाला प्रत्येक बाईला बोलावले जाईल. वारसनोंदीसाठी ग्रामपंचायत मदत करेल, हे तिसरे वाक्य घातले तर ठरावाचा उपयोग संक्रांतीनंतरही होतो.