कोणते गणित कोणी करायचे?

कॅमडेन म्हटले की आपल्या मंडळींना दोन गोष्टी हटकून आठवतात: तिथला बाजार आणि किंग हेन्रीज रोडवरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घर. पण १९६५ साली हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न एकत्र करून जो कॅमडेन बरो झाला, त्यात ब्लूम्सबरीतील गॉवर स्ट्रीटचा परिसरही येतो. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एका प्रश्नाचा बराच जुना इतिहास आहे. लहानमोठी अनेक यंत्रे जोडलेली असताना कोणते काम जवळच्या लहान यंत्राने करायचे आणि कोणते दूरच्या मोठ्या यंत्राकडे पाठवायचे? आज या विषयाला 'एज कॉम्प्युटिंग' म्हणतात. एज म्हणजे काठ; जाळ्याचा काठ. वाचकहो, त्या इतिहासात आपला एक मराठी माणूसही आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते १९३३ साली गॉवर स्ट्रीटवर संख्याशास्त्र शिकायला आले. त्या काळी 'कॉम्प्युटर' म्हणजे हाताने दांडा फिरवायचे यंत्र घेऊन आकडेमोड करणारे माणूस! जवळच बेडफर्ड स्क्वेअरमध्ये एल. जे. कॉम्री यांनी त्याच दशकात गणिते करून देणारी एक कंपनीच काढली. नवे यंत्र बांधण्यापेक्षा बाजारात मिळणाऱ्या हिशेबाच्या यंत्रांपैकी कोणते कोणत्या गणिताला योग्य, हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता.

सुखात्म्यांपुढचा प्रश्न वेगळा दिसला तरी त्याच जातीचा होता. समजा, एका जिल्ह्यातील पिकाचा अंदाज घ्यायचा आहे आणि मोजकीच शेते तपासता येणार आहेत. कोणत्या तालुक्यात किती तपासायची? जेर्झी नेमन यांनी १९३४ साली सांगितले, की केवळ तालुक्याचा आकार पाहू नका, तिथले उत्पन्न शेतागणिक किती बदलते तेही पाहा. बागायती तालुक्यात सगळीकडे सारखेच पीक असेल तर थोडी शेते पुरतात. कोरडवाहू तालुक्यात जास्त लागतात. पण हा चढउतार आधी कळणार कसा? सुखात्म्यांनी १९३५ साली याचेच उत्तर शोधले: आधी लहानशी चाचणी घ्या, तिच्यावरून चढउतार अजमावा आणि मग श्रम वाटा. अंदाज कच्चा असला तरी बहुतेक वेळा यात फायदाच होतो, असे त्यांनी दाखवले.

हे गणित पुढे शेतात उतरले. १९४० पासून सुखात्मे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर धान्याचा अंदाज चुकणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी पीक-कापणीचे काम महसूल आणि शेती खात्याच्या गावोगावच्या माणसांकडेच सोपवले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे शेत निवडायचे, त्यात ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या हिश्श्याचा तुकडा आखायचा, पीक कापून, मळून जागेवरच वजन करायचे. दिल्लीला जायचा तो फक्त आकडा.

प्रा. महालनोबिस यांची पद्धत निराळी होती. खास शिकवलेली स्वतःची माणसे आणि अगदी लहान तुकडे, म्हणजे वेळ वाचतो. सुखात्म्यांचा आक्षेप तुकड्याच्या आकारावर होता. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्रफळाच्या मानाने त्याचा घेर मोठा. काठावरचे रोप आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो आणि उत्पन्न फुगते. काम काठावर सोपवायचे तर ते तिथल्या माणसाला बिनचूक करता येईल असेच हवे, हा त्यातला धडा. वाद बराच गाजला. दोघांचेही ऋण भारतीय सांख्यिकीवर आहे.

आता पुन्हा गॉवर स्ट्रीटकडे येऊ. जुलै १९७३ मध्ये पीटर कर्स्टीन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज नॉर्वेमार्गे अमेरिकेच्या आर्पानेटला जोडले. त्यांचा विभाग तेव्हा संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र असा एकत्रच होता! कॉलेजात होता पीडीपी-९ हा लहान संगणक; अवजड गणिते करणारा आयबीएम ३६०/१९५ होता ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड प्रयोगशाळेत. लहान यंत्राने दुभाष्याचे काम करायचे, मोठ्याने गणिताचे, अशी ती वाटणी होती.

आज यंत्रे शतपटींनी वेगवान झाली, पण अंतर काही कमी झाले नाही. लंडन-मुंबई सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अगदी सरळ तार ओढली तरी निरोप जाऊन यायला एक सेकंदाचा चौदावा भाग लागतो. पत्राला त्याचे काही नाही. पण ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात एक मीटर पुढे गेलेली असते. ब्रेकचा निर्णय गाडीतच व्हायला हवा. उलट हजारो गाड्यांच्या अनुभवातून शिकण्याचे अवजड काम लहान यंत्राला पेलत नाही. ते केंद्राकडेच जाते. मधल्या कामांचे काय? कोणत्या यंत्रावर किती भार येईल हे आधी ठाऊक नसते. थोडे मोजून पाहावे लागते आणि मग वाटणी करावी लागते. आजच्या अभियंत्यांनी हे सुखात्म्यांकडून घेतले असे माझे म्हणणे नाही. पण बुधच्या त्या विद्यार्थ्यापुढची अडचण हीच होती.

सुखात्मे पुढे रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले आणि १९९७ साली पुण्यात निवर्तले. युस्टन स्क्वेअरला उतरून गॉवर स्ट्रीटने कधी चालत गेलात, तर त्यांची आठवण काढा. आणि भर उन्हात शेतात फीत धरून उभ्या राहणाऱ्या त्या तलाठ्याचीही. दिल्लीतल्या साऱ्या गणिताचा पाया त्याचा आकडा होता.