नेमणुकीची तारीख

३१ ऑक्टोबर १९५६ ला बुलढाण्याच्या कचेरीतला कारकून मध्य प्रदेशचा नोकर होता. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून तो मुंबई राज्याचा झाला. टेबल तेच, दप्तर तेच. बदलणार होती ती सेवाज्येष्ठता यादी.

राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबईला जोडले गेले, हैदराबादेतून मराठवाडाही आला. वेगवेगळ्या राज्यांची माणसे आता एका यादीत बसवायची होती. विदर्भात तहसीलदार आणि नायब तहसीलदार, मुंबईकडे मामलतदार आणि अव्वल कारकून. नायब तहसीलदार अव्वल कारकुनाच्या बरोबरीचा की वरचा? या एका उत्तरावर कुणाची किती वर्षे मोजायची हे ठरत होते.

मुख्य सचिवांच्या परिषदेने मे १९५६ मध्येच कसोट्या घालून दिल्या होत्या: कामाचे स्वरूप, अधिकार व जबाबदारी, भरतीची किमान पात्रता आणि पगार. पगार मुद्दाम शेवटी. हे योग्यच झाले. नाहीतर ज्याच्या सरकारची तिजोरी लहान, तो नोकर आपला काहीही दोष नसताना मागे पडला असता.

तरी ठेच लागायची ती लागलीच. पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने जुन्या सेवाशर्तींना संरक्षण दिले होते. पण बढतीची संधी कमी झाली म्हणजे सेवाशर्त बदलली असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये चंद्रकांत अनंत कुलकर्णी खटल्यात सांगितले. कायद्याने ते बरोबर असेल. वीस वर्षे नंबर लागण्याची वाट पाहिलेल्या माणसाला मात्र ती संधीच सगळी नोकरी वाटते.

कचेरी असो की शाळा, ज्याला वशिला नाही, त्याच्या हातात नेमणुकीची तारीखच असते. म्हणून महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीतली, ज्येष्ठता ठरवणारी ‘अनुसूची फ’ शिक्षकांना तोंडपाठ असते. पात्रता आणि अनुभव असला की मुख्याध्यापकपदावर पहिला हक्क सर्वांत ज्येष्ठाचा. यादी शिक्षकखोलीत फिरते, प्रत्येक जण आपल्या नावावर बोट ठेवून सही करतो, हरकत असेल तर लेखी देतो.

दोघांची नेमणूक एकाच दिवसाची असेल, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. मग दाखले निघतात. खेड्यातल्या जुन्या पिढीच्या कितीतरी दाखल्यांवर जन्मतारीख एकच: १ जून. पहिलीत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी ती अंदाजाने लिहिली होती.