‘पुढच्या आठवड्यात या’

अफूच्या व्यसनात सापडलेला माणूस ‘आता पुरे’ म्हणतो, तो क्षण फार थोडा वेळ टिकतो. हेरॉईन वा ब्राऊन शुगरची मात्रा चुकली की काही तासांतच अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात मुरडा उठतो. अशा वेळी दवाखान्यात ‘पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले, तर तो कोठे जाईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. त्याच दिवशी उपचार का मिळू नयेत? अमेरिकेत या प्रश्नाला शतकाहून मोठा इतिहास आहे.

१९१४ साली तेथे हॅरिसन कायदा झाला. वरकरणी तो नोंदणीचा आणि कराचा कायदा. परंतु १९१९ मध्ये वेब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, व्यसनी माणसाची नेहमीची मात्रा चालू ठेवण्यासाठी औषध लिहून देणे हा वैद्यकीय व्यवहार नव्हे, असे ठरविले. डॉक्टरांनी धसका घेतला. काही शहरांनी व्यसनी रुग्णांसाठी दवाखाने उघडून पाहिले, श्रीव्हपोर्टच्या डॉ. विलिस बटलर यांचा दवाखाना १९२३ पर्यंत तग धरून होता, मग तोही बंद पडला. १९३५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे सरकारी संस्था निघाली : अर्धे रुग्णालय, अर्धा तुरुंग. तेथून घरी परतलेले बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळत.

याच लेक्सिंग्टनमध्ये काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मेरी निस्वांडर यांनी १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्यासह मेथॅडोनचा प्रयोग आरंभिला. रोज एकदा घेतलेले हे औषध दिवसभर ओढ शमविते. पुढील वर्षी त्यांनी २२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दिवसभर पुढील मात्रेच्या विवंचनेत असणारी माणसे शिक्षणाकडे, नोकरीकडे वळली होती. ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. आम्हांस तो वरवरचा वाटतो. मधुमेहाच्या रुग्णास इन्शुलिन सोड असे कोणी सांगत नाही. पुढे १९७२ च्या नियमांनी मेथॅडोन ठरावीक केंद्रांपुरते बांधून टाकले. औषध मिळाले, रांग मात्र राहिली.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९९६ पासून तेथील साध्या कुटुंबवैद्यासही बुप्रेनॉर्फिन लिहून देता येऊ लागले. १९९५ ते १९९९ या काळात अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे चार-पंचमांशांनी घटले. अमेरिकेत मात्र २००० च्या कायद्याने डॉक्टरास त्यासाठी खास परवाना लागे. वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय गोळ्या लिहिण्यास असा परवाना नको, त्या सोडविण्यास मात्र हवा!

२०१५ साली येल विद्यापीठातील डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आलेल्या ३२९ रुग्णांपैकी काहींना केवळ उपचारकेंद्रांची माहिती दिली, काहींशी थोडे बोलून पुढे पाठविले, तर काहींना तेथल्या तेथे बुप्रेनॉर्फिन सुरू करून पुढील भेटीची सोय केली. तीस दिवसांनंतर उपचारात टिकलेले होते अनुक्रमे ३७, ४५ आणि ७८ टक्के. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तो खास परवाना रद्द झाला.

आमच्याकडे ब्राऊन शुगरने १९८० च्या दशकात मुंबईची अनेक घरे पोखरली. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा’ सुरू केली, ती त्याच सुमारास. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात बुप्रेनॉर्फिनचे दीर्घकालीन उपचार होऊ लागले. आजही धर्मग्रामातील आईबाप आमच्याकडे येतात, ते ‘मुलाला कोठे ठेवू?’ असे विचारीत. आम्ही आधी विचारतो, आजच औषध सुरू करणारा डॉक्टर जवळपास कोण आहे, आणि उद्या मुलासोबत तेथे कोण जाणार.