इन्शुलिनचे प्रकार आणि मापाचा प्रश्न : एक ऐतिहासिक टिपण

औषधांच्या इतिहासात संशोधकांची नावे ठळक अक्षरांत येतात. मापांचा इतिहास मात्र बहुधा तळटीपेतच राहतो. इन्शुलिनच्या बाबतीत ही वाटणी रुग्णाच्या हिताची नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. औरंगपुऱ्यातील एखाद्या औषधाच्या दुकानात एकाच फ्रीजमध्ये ४० एककांची कुपी आणि १०० एककांचे कार्ट्रिज शेजारी शेजारी असू शकतात. हे साहचर्य कसे घडून आले, ते पाहणे हा या टिपणाचा उद्देश होय.

१९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क मिळविला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास तो टोचण्यात आला; परंतु अर्क अशुद्ध असल्याने प्रयोग थांबवावा लागला. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला आणि तो गुणकारी ठरला. म्हणजे या औषधाच्या पहिल्या यशाचे श्रेयही शुद्धीकरणाकडेच जाते.

गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून मिळणाऱ्या या इन्शुलिनचा प्रभाव ६ ते ८ तासच टिके. त्यामुळे दिवसातून अनेकदा सुई टोचून घ्यावी लागे. १९३६ साली डेन्मार्कमध्ये हागेडॉर्न यांनी त्यास प्रोटामिनची जोड देऊन त्याची क्रिया लांबविली. पुढे १९४६ साली एन. पी. एच. व १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लेन्टे हे प्रकार आले. ही दीर्घकालीन इन्शुलिने गढूळ दिसत. त्यावरूनच ‘स्वच्छ ते शीघ्र, गढूळ ते मंद’ हा व्यवहारातील नियम रूढ झाला. एन. पी. एच. इन्शुलिन वापरण्यापूर्वी कुपी तळहातांत हळुवार फिरवावी आणि दोन्ही प्रकार एकत्र घ्यावयाचे झाल्यास सिरिंजमध्ये स्वच्छ इन्शुलिन आधी ओढावे, हा दंडकही त्यातूनच आला.

योगायोग असा की, औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘घाटी’, १९५६ साली सुरू झाले. मराठवाड्यातील आधुनिक वैद्यकीय शिक्षण व दीर्घकालीन इन्शुलिनांचा प्रसार हे अशा रीतीने समकालीन होत. १९७८ मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात यश आले व १९८२ मध्ये ते बाजारात आले. या शहराचा त्या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध २००३ साली आला. वोक्हार्ट कंपनीने ‘वोसुलिन’ हे मानवी इन्शुलिन तेव्हा बाजारात आणले. त्याचे उत्पादन औरंगाबादेत होत असे.

दरम्यान जुना नियम मोडला होता. १९९६ मध्ये लिस्प्रो व २००० मध्ये ग्लार्जिन आले. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ, तथापि त्याचा प्रभाव सुमारे २४ तास टिकतो, आणि ते अन्य इन्शुलिनमध्ये मिसळता येत नाही. रूपावरून गुण ओळखण्याची पद्धत येथे संपली. आता केवळ कुपीवरील नाव वाचणे हाच मार्ग उरला.

मापाचा प्रश्न याहून बिकट आहे. एका मिलिलिटरमध्ये किती एकके असावीत, याविषयी जगात दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. ४० व ८० या दोन्ही तीव्रता प्रचलित होत्या. अमेरिकेने १९७० नंतरच्या दशकात आणि ब्रिटनने १९८३ साली १०० ची तीव्रता स्वीकारली. भारतात मात्र कुप्या बहुतांशी ४० च्या राहिल्या. पेन व कार्ट्रिज १०० चे आले. परिणामी सिरिंजही दोन झाल्या : लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. २० एकके हवी असता १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर ०.५ मिलिलिटरमध्ये ५० एकके, म्हणजे अडीचपट मात्रा, शरीरात जाते व रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. उलट ४० चे इन्शुलिन १०० च्या सिरिंजने ओढल्यास केवळ ८ एकके मिळतात. हा दोष औषधाचा नव्हे, मापाचा होय.

चिठ्ठीवर घाईने लिहिलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसते, मग १० चे १०० होण्यास विलंब लागत नाही. म्हणून ‘एकके’ वा ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, हा नियमही याच अनुभवाचे फलित आहे. सारांश, इन्शुलिनच्या प्रत्येक सुधारणेने रुग्णाचे आयुष्य वाढविले, पण वाचण्याची व मोजण्याची एक नवी जबाबदारीही त्याच्या हाती सोपविली. या दुसऱ्या बाजूचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात यावयास हवा.