परतीचा उंबरठा

विद्यार्जनासाठी समुद्रापार निघालेल्या तरुणाविषयी आपल्या घरांतून एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : परक्या हवेत, परक्या अन्नावर, परक्या भाषेत हा कसा रुळेल? प्रश्न मायेचा आहे आणि अस्थानीही नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा इतिहास आम्ही चाळतो, तेव्हा ध्यानात येते ते असे की, परदेशात आमच्या विद्यार्थ्यांना कष्टाने का होईना, जागा मिळत गेली. त्यांची खरी कसोटी लागली ती घरच्या उंबरठ्यावर.

समुद्रगमनाच्या निषेधाचे मूळ जुने आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रसंयानाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली. मात्र त्याच सूत्राने त्यावर तीन वर्षांचे प्रायश्चित्तही सांगितले. व्रत कठीण खरे, पण ते करून परत येण्याची वाट मोकळी होती. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात, नौकेने समुद्र ओलांडणारा द्विज शुद्ध झाला तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये, असे वचन आले. मूळ सूत्राने उघडा ठेवलेला दरवाजा असा नंतर लोटला गेला. हा भेद विसरता कामा नये.

त्या लोटलेल्या दरवाजाचा अनुभव मोहनदास गांधी यांनी घेतला. १८८८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी निघाले. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. तरीही मुंबईतील मोढ वाणी ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. लंडनमध्ये प्रारंभीचे दिवस अर्धपोटी गेले. यजमानीणबाईंना या शाकाहारी पाहुण्यास काय वाढावे ते उमजेना. पुढे पायी हिंडता हिंडता फॅरिंग्डन रस्त्यावर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि इंग्लंडात आल्यापासून प्रथमच ते पोटभर जेवले. नंतर त्यांनी स्वतंत्र खोली घेतली, काही जेवण स्वतः रांधले, खर्च आटोक्यात आणला आणि तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही स्थान मिळविले. आईला दिलेले वचन हेच त्यांच्या तेथील मैत्रीचे निमित्त झाले! १८९१ साली ते परतले, तेव्हा वडीलभावाने त्यांना नाशिकास नेऊन गोदास्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन दिले. तरी ज्ञातीत दोन तट पडले. एकाने त्यांना आत घेतले, दुसऱ्याने नाही. आणि सासुरवाडीच्या घरी ते पाण्याचा घोटही घेत नसत.

स्त्रीची वाट याहून बिकट होती. बालपणी झालेला विवाह अमान्य करून रखमाबाईंनी १८८४ पासून न्यायालयात झुंज दिली. १८८७ साली, पतीकडे नांदावयास जा किंवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा निकाल झाला. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. १८८९ साली त्या लंडनला गेल्या. तेथे मॅकलॅरन दांपत्याने त्यांना आपल्या घरी आश्रय दिला आणि स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्याच सुमारास, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य उद्भवले होते. घरच्या गावी चहाचा एक पेला जेथे एवढा जड गेला, तेथे एका एकाकी स्त्रीच्या लंडनवासाकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून रखमाबाई परतल्या आणि सुरतेच्या स्त्रीरुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली.

डॉ. भीमराव आंबेडकर यांची कथा तर आमची मान खाली घालावयास लावणारी आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला आणि १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून ते बडोद्याच्या चाकरीत रुजू झाले. महाराजांनी हुद्दा दिला. शहराने खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत त्यांना नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांना बाहेर काढले. हिंदू स्नेह्याने जागा दिली नाही, ख्रिस्ती स्नेह्यानेही नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा विद्वान कामाठी बागेत बसून राहिला. १९२० साली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भाथेना यांच्याकडील कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बैठक, यजमानीणबाईंचे तुटपुंजे अन्न आणि रात्री भुकेला चार पापड असा त्यांचा क्रम होता. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. लंडनच्या भाड्याच्या खोलीत जो उपाशीपोटी का होईना रुळला, त्याला बडोद्यात भाड्यानेही छप्पर मिळाले नव्हते!

गोमंतकाची वाट निराळी. पणजीस १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होते, पण विद्यापीठ नव्हते. म्हणून पोर्तुगीज अमदानीतील उच्चशिक्षणेच्छू तरुण कोइंब्रा व लिस्बनकडे वळत. १९०५ साली मडगावी जन्मलेले आदेओदातु बार्रेतु हे त्यांपैकी एक. धर्माने ते ख्रिस्ती. पण कोइंब्रा येथे त्यांनी भारतीय विद्येसाठी संस्था उभारली, १९२८ मध्ये ‘इंडिया नोव्हा’ म्हणजे ‘नवा भारत’ हे पत्र काढण्यात पुढाकार घेतला आणि १९३५ साली हिंदू संस्कृतीवर पोर्तुगीज भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी गेलेला मुलगा आपले विसरतो, असे आपण म्हणतो; येथे तर दूर गेल्यावरच पूर्वजांचा वारसा जवळ आला. १९३७ साली ऐन तारुण्यात त्यांचा पोर्तुगालमध्येच अंत झाला. गोव्याच्या उंबरठ्याने त्यांचे स्वागत कसे केले असते, हे पाहण्याची वेळ आलीच नाही.

समुद्रगमनाचा निषेध आता व्यवहारात उरलेला नाही. मुलगा वा मुलगी युरोपास निघाली की आपण कुलदेवतेपुढे नारळ ठेवतो, गाऱ्हाणे घालतो, ओटीत अंगारा बांधून देतो. हे योग्यच आहे. परंतु शिकून आलेले अपत्य नवे विचार, नव्या सवयी, कदाचित आपल्याला न रुचणारे प्रश्नही बरोबर आणते. त्या वेळी आपण बौधायनाप्रमाणे वाट मोकळी ठेवणार की कलिवर्ज्याप्रमाणे दार लोटणार? आणि ज्याला गाव न सोडताही कधी आत घेतले गेले नाही, त्याच्यासाठी दार केव्हा उघडणार? त्याचे क्षेम देवाकडे मागावे. त्याच्या स्वागताचे उत्तर मात्र आपणच द्यावयाचे आहे.